साठवणीच्या धान्यातील कीड : वसंतातील घरगुती बंदोबस्त

वर्षभराचे गहू, ज्वारी, तांदूळ व कडधान्ये घरात भरताना त्यांना पुढे कीड लागू नये म्हणून करायची पूर्वतयारी. महाराष्ट्रात ही कामे साधारण होळीपासून अक्षय्य तृतीयेच्या पुढेपर्यंत चालतात. रब्बीची ज्वारी, नवा गहू, तूर आणि हरभरा याच सुमारास बाजारात येतात आणि ऊनही कडक असते. श्रावणात डब्याचे झाकण उघडल्यावर दिसणारा किडा बहुधा चैत्रातच धान्याबरोबर घरात आलेला असतो. फक्त तेव्हा तो अंडे किंवा अळी म्हणून दाण्याच्या आत असतो. मृगाच्या पावसाने हवेत दमटपणा आला की त्याची वाढ झपाट्याने होते. म्हणून बंदोबस्त वैशाखाच्या उन्हातच उरकावा. पावसाळ्यात हाती फारसे काही राहत नाही.

बोलीत या सगळ्यांना सरसकट टोके, सोंडे किंवा पोरकिडे म्हणतात, पण त्यांच्या सवयी वेगळ्या आहेत आणि उपाय त्यावरच ठरतो. सोंडे (सायटोफिलस ओरायझी) तांदूळ, गहू, ज्वारी व मका यांवर पडतात. मादी सोंडेने दाणा कोरते, भोकात एक अंडे घालते आणि वरून चिकट स्रावाने ते बुजवते. त्यामुळे दाणा बाहेरून धड दिसतो. अळी आत पीठ खात वाढते आणि अनुकूल हवेत महिन्याभरात नवा सोंडा बाहेर पडतो. त्याला सुमारे 27 ते 31 अंश सेल्सिअस तापमान व ओलसर दाणा मानवतो. दाण्यातील ओल 9-10 टक्क्यांखाली गेली की त्याची पैदास जवळजवळ थांबते.

कडधान्यातील भुंगेरा शेतातच, वाळत आलेल्या शेंगांवर अंडी घालू लागतो. मूग, चवळी, तूर किंवा हरभऱ्याचा दाणा उजेडात धरून पाहिल्यास सालीला चिकटलेले पांढुरके ठिपके दिसतात. ती त्याची अंडी. अळी तिथूनच सरळ दाण्यात शिरते. प्रौढ भुंगेरा धान्य खात नाही, गोल भोक पाडून बाहेर येतो आणि पुन्हा अंडी घालतो. म्हणून भोके दिसेपर्यंत थांबले तर एक पिढी हातची गेलेली असते. भरडून डाळ केलेल्या कडधान्यात हा त्रास खूपच कमी होतो. घरची तूर असेल तर वर्षभर लागणारी डाळ उन्हाळ्यातच करून ठेवण्याच्या चालीचा हा मोठा फायदा आहे.

तांबडे भुंगेरे अखंड, कोरड्या दाण्यावर सहसा जम बसवू शकत नाहीत. त्यांना चूर, तुकडे, रवा किंवा पीठ लागते. ते फार झाले की पिठाला उग्र वास येतो. खापरा भुंगेऱ्याच्या केसाळ अळ्या कोरड्या, उष्ण हवेतही तग धरतात. पोत्याच्या शिवणीत किंवा भिंतीच्या फटीत त्या उपाशीपोटी वर्षानुवर्षे राहू शकतात. तांदूळ व रव्यात जाळी दिसली तर ते काम पतंगाच्या अळीचे.

पहिले काम चाळण्याचे. दाण्याच्या मापाची चाळणी घेऊन चूर, तुकडे, फोलपटे व माती काढून टाकावी. हे टाळून केलेले पुढचे सर्व उपाय निम्मेच लागू पडतात, कारण चूर हेच तांबड्या भुंगेऱ्याचे अन्न.

नंतर वाळवण. गहू व ज्वारी गच्चीवर स्वच्छ ताडपत्रीवर 2 ते 3 सेंटिमीटर जाडीच्या थरात पसरावी, दर तास-दीड तासाने हात फिरवून वरखाली करावी आणि कडक उन्हाचे 2-3 दिवस द्यावेत. साठवणीसाठी तृणधान्यातील ओल 10 ते 12 टक्के व कडधान्यातील 8 ते 10 टक्के असावी. घरी मोजमाप नसते, तेव्हा दाणा दाताखाली धरावा. ‘कट्ट’ असा आवाज करून तुटला तर वाळला. दबला किंवा चपटा झाला तर नाही. मिठाचीही एक परीक्षा आहे. कोरड्या काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा धान्य व 2-3 चमचे कोरडे मीठ घालून मिनिटभर हलवावे आणि पंधरा मिनिटे ठेवावे. मीठ काचेला चिकटले तर ओल 15 टक्क्यांच्या वर आहे. चिकटले नाही म्हणून धान्य भरण्याजोगे झाले असे मात्र नाही. ही परीक्षा ओले धान्य ओळखण्यापुरती.

कडधान्याला उन्हाचा जास्त उपयोग करून घेता येतो. काळ्या प्लॅस्टिकवर पातळ थर पसरून वर पारदर्शक प्लॅस्टिक घालावे व कडा विटांनी दाबाव्यात. आतले तापमान चांगलेच चढते, आणि तासभर 57 अंश राहिल्यास चवळीतील भुंगेऱ्याच्या दाण्याआतल्या अळ्याही मरतात. पॉलिशचा तांदूळ मात्र कधीच उन्हात घालू नये. त्याला तडे जातात, कणी होते आणि शिजल्यावर भात फुटतो. तो घरात पंख्याखाली पसरावा.

सर्वांत जास्त चुका वाळवल्यानंतरच्या दोन-तीन तासांत होतात. तापलेले धान्य तसेच कोठीत भरले की रात्री पत्रा गार होतो, झाकणाला आतून घाम सुटतो आणि वरच्या थराला बुरशी येते. उलट ते रात्रभर उघडे ठेवले तर ओल परत शोषते आणि पतंगही त्यावर बसतात. उन्हातून काढून सावलीत पसरावे, हाताला गार लागले की त्याच संध्याकाळी भरावे.

कोठी आधी रिकामी करून, सांध्यांतले जुने पीठ ब्रशने काढून, धुऊन दिवसभर उन्हात ठेवावी. जुने गहू तळाशी राहू देऊन वर नवे ओतणे म्हणजे किडीला आयते घर देणे. गोणपाट जुने असेल तर 15 मिनिटे उकळत्या पाण्यात बुडवून खडखडीत वाळवावे. कोठी काठोकाठ भरावी; आत हवा जितकी कमी, तितका किडा लवकर गुदमरतो. रोजच्या वापरासाठी महिन्याचे धान्य वेगळ्या डब्यात काढावे, म्हणजे मोठे झाकण वारंवार उघडावे लागत नाही. कोठी भिंतीपासून वीतभर दूर व फळीवर असावी. जुन्या काळी पेवात, म्हणजे धान्य साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यात, ज्वारी टिके ती याच कोंडलेल्या हवेमुळे. पेव उघडल्याबरोबर आत उतरणे त्याच कारणाने जिवावर बेतू शकते.

अखंड कडधान्याला तेल लावणे हा घरगुती उपायांतला सर्वांत भरवशाचा. किलोला 5 मिलिलिटर, म्हणजे एक छोटा चमचा एरंडेल पुरते. परातीत थोडे थोडे धान्य घेऊन प्रत्येक दाण्याला चकाकी येईपर्यंत दोन्ही हातांनी चोळावे. तेलाने अंडी गुदमरतात. आत शिरलेल्या अळीवर मात्र त्याचा इलाज चालत नाही, म्हणून तेल धान्य आणल्यावर, वाळवून लगेच लावायचे. बारीक चाळलेली राख दाण्यांत घोळवली तर किड्याच्या अंगावरचे मेणचट आवरण घासून निघते आणि तो सुकून मरतो. कडुनिंबाचा पाला सावलीत पूर्ण वाळवूनच घालावा. ओला पाला उलट ओल वाढवतो. निंबाने कीड दूर राहायला थोडी मदत होते, पण केवळ त्यावर विसंबू नये.

बोरिक पावडर लावण्याची चाल घरोघरी आहे, ती सोडावी. तांदूळ निदान धुतला जातो. गहू तसाच गिरणीत जातो आणि पावडर पोळीत येते. पाऱ्याच्या पारद टिकड्या धान्यात ठेवूच नयेत, पाऱ्याची वाफ विषारी असते. ईडीबी (इथिलीन डायब्रोमाइड) या कीडनाशक द्रवाच्या कुप्या एके काळी धान्यात घालत. त्यावर 2001 पासून भारतात बंदी आहे. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या तर राहत्या घरात कदापि आणू नयेत. हवेतल्या ओलीने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो, तो फटींतून शेजारच्या खोलीत पोहोचतो आणि त्यावर उतारा नाही. व्यापाऱ्याकडून आलेल्या पोत्यात राखाडी भुकटीची कापडी पुडी निघाली तर पोते मोकळ्या हवेत न्यावे, पुडीला उघडा हात लावू नये, पाणी टाकू नये आणि व्यापाऱ्याला ती परत न्यायला लावावी.

फ्लॅटमध्ये गच्ची नसल्यास रवा, पोहे, बेसन व थोडकी डाळ हवाबंद पिशवीत फ्रीजरमध्ये उणे 18 अंशांवर 4 दिवस ठेवावी. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर आत दव धरते.

पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी कोठीच्या मध्यापर्यंत हात घालून पाहावा. आत ऊबदार लागले तर कीड वाढते आहे असे समजावे. असे धान्य ताटात पसरून किडे काढावेत, चाळावे आणि बाकीच्याआधी संपवावे. बुरशी किंवा कुबट वास असेल तर धुऊन वापरण्याचा मोह न करता टाकून द्यावे.