गोळ्या संपल्या, मग कावीळ आली

अमळनेरला आमच्या गल्लीतल्या आप्पांची दाढ सुजली. दाताच्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, सूज उतरली, विषय मिटला. तीन आठवड्यांनी आप्पांना रात्री अंगभर खाज सुटायला लागली. घामोळं समजून पावडर झाली. मग लघवी कोऱ्या चहासारखी, शौचाला पांढुरकं, शेवटी डोळे पिवळे.

हिपॅटायटिस ए नाही, ई नाही, सोनोग्राफीत खडा नाही. डॉक्टरांनी विचारलं, गेल्या दोन महिन्यांत काय काय औषधं घेतली? आप्पा म्हणाले, "दाढन्या गोया व्हत्यात. पन त्या ते कव्हयच सरी गयात!"

गोम तिथेच होती.

ती गोळी म्हणजे मेडिकलवर आपण 'सहाशेपंचवीस' म्हणून मागतो ती. ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि १२५ मिलिग्रॅम क्लॅव्हुलॅनिक आम्ल. अमॉक्सिसिलिनच्या रेणूत चार अणूंचं एक कडं असतं, बीटा-लॅक्टम. चौघांना इतक्या अडचणीत बसवल्यामुळे ते कायम ताणलेलं असतं. संधी मिळाली की फटकन उघडतं आणि समोरच्या प्रथिनाला चिकटतं. जिवाणूची भिंत बांधणारं एन्झाइम असं चिकटून निकामी होतं नि भिंत अर्धवट राहते. काही जिवाणू हे कडं कापणारी कात्री बाळगतात. क्लॅव्हुलॅनिक आम्लातही तसंच कडं आहे. ते स्वतः जाऊन कात्रीत अडकतं. मला ही जोडी फार आवडते.

पण चिकटणाऱ्याला आपलं-परकं कळत नाही. हे रेणू आपल्या रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनालाही, त्यातल्या लायसिन नावाच्या अमिनो आम्लाच्या जागी, चिकटतात. एवढ्याने काही बिघडत नाही. आपल्या पेशी प्रथिनांचे तुकडे करून एचएलए नावाच्या ताटलीत मांडतात आणि टी-पेशींना, म्हणजे शरीराच्या पहारेकऱ्यांना, दाखवतात. ताटल्या आई-बापांकडून येतात, प्रत्येकाचा संच वेगळा. डीआरबी१*१५:०१ सारख्या काही ताटल्या असलेल्यांत धोका जास्त दिसतो. औषध चिकटलेला तुकडा त्यांत असा बसत असावा, की टी-पेशीला तो परका वाटतो. अशा टी-पेशी आधी मोजक्याच असतात. त्या एकीच्या दोन, दोनाच्या चार होत फौज उभी राहीपर्यंत दिवस जातात, कधी आठवडे. औषध तर शेवटच्या गोळीनंतर दिवसाभरात बहुतेक शरीराबाहेर गेलेलं असतं! हल्ला होतो यकृतावर, पित्ताची वाट तुंबते. शौचाला रंग पित्तामुळे येतो, तो जातो. पित्तातलं पिवळं द्रव्य, बिलिरुबिन, रक्तात साठून लघवीत उतरतं.

सगळ्या पायऱ्या अजून सिद्ध झालेल्या नाहीत, पण अशा रुग्णांच्या रक्तात क्लॅव्हुलॅनिक आम्ल ओळखणाऱ्या टी-पेशी सापडल्या आहेत. गंमत म्हणजे, ती ताटली असूनही काहीच न होणारेच जास्त. त्यामुळे आधी रक्त तपासून गोळी द्यायची सोय नाही.

'गोळी उष्ण पडली' किंवा 'डोस जास्त झाला' हे इथे लागू नाही. पॅरासिटामॉलचं तसं असतं, मात्रा वाढली की कोणाचंही यकृत बिघडेल. इथे मात्रा बरोबर असूनही एखाद्यालाच होतं. आइसलँडमधल्या एका अभ्यासात ही गोळी घेणाऱ्या सुमारे २,३५० जणांमागे एकाला यकृताची इजा झाली. पुरुषांना आणि साठीपुढच्यांना जास्त होते. तरी एकूण धोका कमीच, म्हणून दाढेत पू झालेला असताना गोळी टाळणं शहाणपणाचं नाही.

आता माळ. आप्पांच्या घरच्यांनी मधल्या काळात बोरी नदीपलीकडून काविळीची माळ आणलीच होती. डोक्यावर ठेवलेली माळ वाढत वाढत गळ्यात उतरली, कावीळही उतरली. ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात गच्च बांधलेले असतात. वाळून ते आकसतात, दोरा सुटतो, माळ लांबते. मी तशी एक करून खुंटीला टांगली. खुंटीला कावीळ नव्हती, तरी माळ वाढली. औषध थांबल्यावर ही कावीळ बहुतेकांची आठवड्या-महिन्यांत आपोआप ओसरते, आणि श्रेय माळेला मिळतं. एखाद्याचं यकृत पार बसतं, तेव्हा माळेत गेलेले दिवस महागात पडतात.

हीच गोळी पुन्हा घेतली, तर दुसऱ्या वेळी त्रास लवकर आणि जोरात होऊ शकतो. आप्पांच्या फायलीवर डॉक्टरांनी लाल पेनाने नाव लिहून दिलंय. पण एकाच गोळीला ढीगभर कंपन्यांची ढीगभर नावं आहेत. खरं नाव पट्टीच्या मागे, मुंगीएवढ्या अक्षरांत: पोटॅशियम क्लॅव्हुलॅनेट, म्हणजे तेच क्लॅव्हुलॅनिक आम्ल, क्षाराच्या रूपात. आप्पांचा नातू आता मेडिकलवर पट्टी उलटी करून मोबाइलने फोटो काढतो, मोठा करून वाचतो, मगच पैसे देतो.