दिवस राहण्याआधीचे दिवस

मराठीत गर्भारपणाला शब्दांची टंचाई नाही. दिवस राहिले, पोटुशी आहे, दोन जिवांची आहे. मग डोहाळे, ओटी, डोहाळजेवण, बाळंतपण, बाळंतविडा. पण लग्न झालंय, मूल हवंय, अजून दिवस राहिलेले नाहीत, अशा बाईसाठी आपल्याकडे शब्दच नाही. तिच्या वाट्याला येतो तो एक प्रश्न: "काय गं, काही विशेष?" 'अजून नाही' असं उत्तर आलं की विचारणारीचं काम संपतं. ती काय खाते, तिचं एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन) किती, झोप होते का, हे विचारायची वेळ गोड बातमीनंतरची.

ही अडचण नुसती बोलीतली नाही, सरकारी योजनाही याच सवयीनं आखल्या गेल्या. म्हणून २०१८च्या सुमारास नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर आणि पेठ या दोन तालुक्यांत जे सुरू झालं, ते मला महत्त्वाचं वाटतं. राज्याचा आरोग्य विभाग, युनिसेफ आणि पुण्याच्या भारती विद्यापीठाचं वैद्यकीय महाविद्यालय यांनी तिथं गर्भधारणेच्या आधीपासून काळजी घेण्याचा प्रयोग हाती घेतला. मूल हवं असलेल्या बायकांपर्यंत आधीच पोचायचं, त्यांचं वजन, रक्त, आजार, सवयी बघायच्या आणि दिवस राहण्यापूर्वीच जे सुधारता येईल ते सुधारायचं, अशी ही कल्पना. ऐकायला साधी वाटते. पण इथवर यायला फार वेळ लागला, आणि वाट सरळ नव्हती.

कल्पना जुनी आहे, हे खरंच. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भाची तुलना अंकुराशी केली आहे. ऋतू, क्षेत्र म्हणजे शेत, अंबू म्हणजे पाणी आणि बीज या चार गोष्टी नीट जुळल्या की अंकुर फुटतो, तसाच गर्भ राहतो. शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पेरणीच्या दिवशी नांगर शोधत कुणी फिरत नाही. त्याच ग्रंथात गर्भधारणेपूर्वी दोघांनी महिनाभर संयम पाळावा, पुरुषानं तूप, दूध आणि साळीचा भात खावा, स्त्रीनं तेल आणि उडीद जास्त असलेला आहार घ्यावा, असं सांगितलं आहे. चरकानं त्याच्याही आधी स्नेहन, स्वेदन, वमन, विरेचन असं शोधन सांगितलं. पंचवटीत गणेशवाडीच्या आयुर्वेद महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना हा भाग आजही अभ्यासाला असतो.

पण पोथीतलं सगळंच डोक्यावर घेण्याची गरज नाही. त्याच पानांत पुत्र कसा होईल, रंग कसा उजळ होईल, याच्याही कृती आहेत. गर्भसंस्काराच्या नावानं चालणारे वर्ग नेमका तोच भाग उचलतात आणि उडीद-तेल विसरतात, ही माझी तक्रार आहे. त्या ग्रंथातली सगळ्यात कामाची ओळ वयाची आहे: सोळा वर्षांहून लहान मुलीला पंचवीस वर्षांहून लहान पुरुषापासून गर्भ राहिला, तर तो पोटातच दगावतो, जन्मलाच तर फार जगत नाही, जगला तर दुबळा राहतो.

आणि आपण नेमकी तीच ओळ विसरलो. एकोणिसाव्या शतकापर्यंत 'गर्भाधान' या शब्दाचा व्यवहारातला अर्थ पार बदलला होता. सोळा संस्कारांतला हा पहिला संस्कार मुलीला पहिल्यांदा न्हाण आलं की लगेच उरकायचा विधी झाला होता. कल्याणच्या आनंदीबाई जोशींचं लग्न नवव्या वर्षी झालं, चौदाव्या वर्षी मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं. पुढे १८८६ साली त्या अमेरिकेत डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता प्राचीन आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. पोथी काय सांगते आणि घरात काय चालतं, यांतलं अंतर त्यांच्याइतकं कुणी अंगावर सोसलं नसेल.

१८९१च्या संमतिवयाच्या कायद्यावरून महाराष्ट्रात जो गदारोळ झाला, तो 'गर्भाधान' याच शब्दावरून. कायद्यानं शरीरसंबंधासाठी, अगदी लग्नातल्याही, मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारा केलं. पहिल्या ऋतूनंतर गर्भाधान झालंच पाहिजे, ते लांबवणं म्हणजे धर्मात ढवळाढवळ, असा विरोधकांचा मुद्दा होता. परक्या सरकारनं कायदा करून यात पडू नये, ही टिळकांची भूमिका होती. संस्कृत पंडित रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी उलट धर्मग्रंथांचाच आधार घेऊन लग्नाच्या आणि सहवासाच्या वयाबद्दल पुस्तिका लिहिली. एवढ्या मोठ्या वादात मुलीच्या हाडामांसाचा, रक्ताचा विचार मात्र फार थोड्यांनी केला. पुढे शारदा कायद्यानं लग्नाचं वय चौदा केलं, १९७८मध्ये ते अठरा झालं. तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. शरीर तयार करण्याच्या गप्पा मारताना ही संख्या आधी डोळ्यांसमोर ठेवावी, कारण अर्धवट वाढलेल्या शरीराला कोणता आहार पुरणार?

आता आधुनिक विज्ञानाकडे येऊ. त्याची एक जाड मुळी थेट परळ-लालबागच्या गिरण्यांत सापडते. १९२८ साली लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक विचित्र पंडुरोग, म्हणजे रक्त कमी होण्याचा आजार, होत होता. नेहमीच्या लोहानं तो बरा होत नव्हता, आणि कैक बायका त्यात दगावत होत्या. विल्सनं त्यांच्या घरात काय शिजतं तेही पाहिलं. बरेच प्रयोग फसले, आणि मग यीस्टपासून केलेल्या मार्माइट नावाच्या स्वस्त काळ्या पदार्थानं रुग्णांना उतार पडला. त्यात नेमकं काय आहे हे तेव्हा कुणालाच कळलं नव्हतं, म्हणून त्याला 'विल्स घटक' म्हटलं गेलं. १९४१मध्ये शास्त्रज्ञांनी पालकाच्या पानांतून एक पदार्थ वेगळा काढला आणि लॅटिनमध्ये पानाला जो शब्द आहे त्यावरून त्याचं नाव ठेवलं, फोलिक ॲसिड. विल्स घटक तोच, हे पुढे उलगडलं.

तोपर्यंत फोलिक ॲसिड म्हणजे दिवस राहिल्यानंतरचं औषध होतं. त्याला दिवस राहण्याच्या आधी नेऊन ठेवलं ब्रिटिश डॉक्टर रिचर्ड स्मिथेल्स यांनी. बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीतून घडतो, ती नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. ती नीट मिटली नाही तर मूल मणक्याच्या व्यंगासह जन्मतं किंवा जगतच नाही. हे २८ दिवस म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे. 'बघू, अजून चार दिवस थांबू' म्हणण्यातच ते निघून जातात. सोनोग्राफी, नाव नोंदणी, पहिली गोळी हे सगळं होतं तेव्हा नळी केव्हाच मिटलेली असते, चांगली नाहीतर वाईट. १९९१मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं सात देशांतल्या ३३ केंद्रांवर चाललेल्या चाचणीचा निकाल जाहीर केला. आधीचं मूल अशा व्यंगाचं झालेल्या बायकांनी दिवस राहण्याच्या आधीपासून फोलिक ॲसिड घेतलं, तर पुन्हा तसं होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी कमी होतो. पुढच्याच वर्षी अमेरिकेनं मूल होऊ शकेल अशा वयातल्या प्रत्येक बाईला रोज ४०० मायक्रोग्रॅम घेण्याचा सल्ला दिला. काळजीची सुरुवात मागे सरकली ती इथं.

आणि मग पुन्हा महाराष्ट्र. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांना दिवस राहण्याच्या आधीपासून नोंदवून घेतलं. त्यांची बाळं वजनानं कमी, हातापायानं काटक्या, पण अंगात चरबीचं प्रमाण मात्र जास्त, अशी निघाली. 'दिसायला बारीक, आतून लठ्ठ' ही भारतीय बाळाची ओळख जगाला तिथून झाली. त्या आयांपैकी बहुतेकींत फोलिक ॲसिड ठीक होतं. कमी पडत होतं ते बी-१२ जीवनसत्त्व. दोन तृतीयांश बायकांत ते कमी निघालं. बी-१२ कमी आणि फोलिक ॲसिड भरपूर असलेल्या आयांच्या मुलांत सहाव्या वर्षीच पुढच्या मधुमेहाकडे नेणाऱ्या खुणा दिसल्या. बी-१२ मिळतं दूध, अंडी, मासे, मटण यांतून. घरात दूध येतं, त्याचा चहा होतो, उरलं तर मुलांना, आणि सुनेच्या कपात काय पडतं ते आपल्याला माहीत आहे.

दुसरा अभ्यास मुंबईच्या झोपडपट्टीतला, 'सरस' नावाचा. २००६पासून सहा हजारांहून जास्त बायकांना दिवस राहण्याच्या आधीपासून रोज एक खाऊ दिला: हिरवा पाला, फळं आणि दूध घातलेला. इतरांना तसाच दिसणारा, पण बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. सगळ्यांची सरासरी काढली तर बाळांच्या वजनात फरक पडला नाही. पण ज्यांनी दिवस राहण्याच्या किमान तीन महिने आधी खाऊ सुरू केला होता, त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमनं वजनदार होती, आणि खाऊ मिळालेल्या गटात गरोदरपणातला मधुमेहही कमी दिसला. ४८ ग्रॅम म्हणजे तोंडभर बातमी नव्हे. तरी 'तीन महिने आधी' हे जे डॉक्टर सांगतात, त्याला आपल्याच मातीतला आधार मिळाला तो इथून. मुंबई, पुणे, नाशिक यांना उद्योगवाले सुवर्ण त्रिकोण म्हणतात. या विषयातही त्रिकोण तोच निघाला.

या त्रिकोणाच्या नाशिकच्या कोपऱ्यात सिन्नर आणि पेठ हे दोन तालुके एका जिल्ह्यात असूनही दोन वेगळे देश आहेत. सिन्नर अवर्षणाचं, एमआयडीसीचं आणि पिढ्यान्‌पिढ्या विड्या वळणाऱ्या बायकांचं. दिवसभर तंबाखूत हात, वर दात घासायला मशेरी. पेठ डोंगराळ, धो धो पावसाचं, कोकणा आणि महादेव कोळी वस्त्यांचं. तिथं नागलीच्या भाकरीत गव्हापेक्षा कितीतरी जास्त कॅल्शियम, पावसाळ्यात रानभाज्यांची चंगळ. पण दिवाळीनंतर निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांवर मजुरीला गेलं की पालात नागलीही नाही, रानभाजीही नाही. शिवाय आदिवासी भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. लग्नाआधी किंवा निदान दिवस राहण्याआधी दोघांची तपासणी झाली तर पुढचा धोका आधीच कळतो. रेशनवर लोह, फोलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळलेला तांदूळ आला, त्यातले वेगळे दिसणारे दाणे 'प्लास्टिकचे' म्हणून निवडून फेकले गेले. 'ॲनिमिया मुक्त भारत' या सरकारी योजनेतली आठवड्याची लोहाची लाल गोळी पोटात मळमळते, शी काळी होते, म्हणून उतरंडीत राहते. कुणी घेतलीच तर वरून चहा, म्हणजे लोह वाया. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांत रक्त कमी आहे, ते यामुळेही.

गंमत म्हणजे सरकारकडे दिवस राहण्याआधीच्या जोडप्यांची यादी कित्येक दशकांपासून आहे. भारतानं १९५२मध्ये कुटुंब नियोजन कार्यक्रम सुरू केला, त्यातून जननक्षम जोडप्यांची नोंदवही आली. घरोघर जाऊन नवरा-बायको, वय, मुलं किती, पद्धत कोणती, सगळं लिहिलं जायचं. पण प्रश्न एकच: मूल थांबवायला काय वापरता? हवं असेल तर तयारी काय केली, हा प्रश्न त्या वहीत नव्हता. आणि ज्यांना हवंच होतं पण होत नव्हतं, ते आपले आपण त्र्यंबकेश्वराला नारायण नागबळी करायला किंवा सप्तशृंगी गडावर नवस बोलायला जात होते. अजूनही जातात, त्यात मी बोलणारा कोण. फक्त नागबळीला तीन दिवस जोडीनं बसावं लागतं, बायकोला एकटीला पाठवून भागत नाही, हे तिथल्या पुरोहितांना बरोबर कळलेलं आहे.

तयारीचं तसं नाही, तिथं बायको एकटीच धरली जाते. खरं तर पुरुषाचं बीज तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. तंबाखू, दारू, वाढलेलं वजन, सगळ्याचा हिशेब त्यात उतरतो. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२पासून बंदी आहे, आणि पुडी कुठं मिळते हे गावातल्या पोराला विचारावं. सुश्रुतानं नवऱ्यालाही महिनाभर संयम आणि तूप-दूध-भात लावून दिला होता. आज आशाताई लाल गोळी घेऊन दारात येते, तेव्हा घरात बाई असते. तो बागेत, कंपनीत नाहीतर टपरीवर.