हॉस्पिटलजवळचा मुक्काम: पेशंटसोबत आलेल्यांसाठी माहिती

हे पत्रक हातात पडलं तेव्हा तुम्ही बहुधा हॉस्पिटलच्या बाकावर बसलेले असाल. मांडीवर फाईल, पायाशी पिशवी आणि मोबाईल चार्ज करायला भिंतीत कुठे प्लग दिसतो का, याकडे लक्ष. म्हणून मुद्द्याचं आधी सांगतो. आमच्याकडे खोली घेताना निघायची तारीख सांगावी लागत नाही.

हॉटेलात पहिला प्रश्न तोच असतो आणि त्याचं उत्तर तुमच्यापाशी नसतं. डॉक्टर "परवा सोडतो" म्हणतात, परवा ताप चढतो आणि मुक्काम आठवड्याने लांबतो. कधी याच्या उलट, सकाळच्या राउंडला अचानक "घरी न्या" सांगतात. आमची नोंदणी सात-सात दिवसांची असते. सात दिवस भरायच्या आदल्या दिवशी आम्हीच विचारतो, अजून राहणार ना? मधेच निघालात तर उरलेल्या दिवसांचे पैसे परत मिळतात. या पद्धतीमुळे खोली कधी मोकळी होईल ते आम्हालाही नेमकं सांगता येत नाही आणि नव्या माणसाला कधीकधी एखादा दिवस थांबावं लागतं. पण "आज खोली सोडा" हे वाक्य ऑपरेशनच्या दिवशी कोणाच्या कानावर पडू नये, म्हणून हा तोटा आम्ही पत्करला आहे.

तारीख नसली तरी अंदाज असलेला बरा

उपचार कोणता आहे यावरून मुक्कामाचा साधारण हिशोब बांधता येतो. रेडिएशन बहुतेक वेळा आठवड्यातून ५ दिवस आणि काही आठवडे सलग चालतं. रोजचं काम अर्ध्या तासाच्या आतबाहेर उरकतं, त्यातही बराचसा वेळ पेशंटला नीट झोपवून जागा जुळवण्यात जातो. एवढ्यासाठी रोज लांबचा प्रवास केला तर उपचारापेक्षा रस्ताच माणसाला जास्त थकवतो. दुसऱ्याचा बोनमॅरो (हाडांतला, रक्त तयार करणारा मगज) घेऊन ट्रान्सप्लांट झालं असेल, तर हॉस्पिटलमधून सोडल्यावरही, ट्रान्सप्लांटपासून साधारण पहिले १०० दिवस पुरे होईपर्यंत जवळच राहायला सांगतात. इथे मात्र नातेवाईक हमखास चुकतात. डिस्चार्ज मिळाला म्हणजे सुटलो असं समजून सामान बांधतात आणि मग चार दिवसांत पुन्हा खोली शोधत फिरतात. डायलिसिस सहसा आठवड्यातून ३ वेळा, दर वेळी सुमारे ४ तास असतं. अशा पेशंटसाठी ठरावीक वारांची खोलीही देतो.

तेव्हा डॉक्टरांना "डिस्चार्ज कधी?" एवढंच विचारू नका. "डिस्चार्जनंतर किती दिवस जवळ राहायचं?" हेही विचारा आणि जे उत्तर मिळेल ते आम्हाला सांगा.

खोली फक्त पेशंटसाठी नाही, तुमच्यासाठीही

हे ऐकून काही जण ओशाळतात. "तो तिकडे पडलाय आणि मी इथे पलंगावर झोपू?" असं म्हणणारे पहिली रात्र हटकून वॉर्डाबाहेर काढतात. तिसऱ्या दिवशी त्यांनाच गोळ्यांच्या वेळा आठवत नाहीत, डॉक्टर काय म्हणाले ते घरच्यांना फोनवर धड सांगता येत नाही. आयसीयूतल्या पेशंटच्या नातेवाइकांना जडणारी चिंता, उदासी, झोपमोड हा वैद्यकशास्त्रातला अभ्यासाचा विषय आहे आणि २०१२ पासून त्याला स्वतंत्र नावही आहे. हा त्रास पेशंट घरी गेल्यावरही महिनोन्महिने रेंगाळू शकतो.

नातेवाइकांसाठी वेगळं घर असावं, ही कल्पना अनेकांना अनेक ठिकाणी सुचली. त्यातली एक हकिगत प्रसिद्ध आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियामध्ये फ्रेड हिल या अमेरिकन फुटबॉल खेळाडूच्या लहान मुलीला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर झाला. तिच्या उपचारांच्या काळात आईबाप मुलांच्या वॉर्डाबाहेर खुर्च्यांवर झोपतात, यंत्रातून मिळेल ते खातात, हे त्याने पाहिलं. मुलांच्या कॅन्सरवर उपचार करणाऱ्या डॉ. ऑड्री इव्हान्स यांना हॉस्पिटलजवळ अशा पालकांसाठी घर हवंच होतं. १९७४ मध्ये ते उभं राहिलं. पुढे त्याच नमुन्यावर अनेक देशांत घरं झाली. आमचा व्याप त्यापुढे अगदीच छोटा, पण गरज तीच.

सोबतीला दोघं असाल तर पाळी लावा. एक जण वॉर्डाजवळ, दुसरा खोलीत, आणि खोलीत असेल त्याने झोपायचंच. एकटेच असाल तर आम्हाला तसं सांगा. रात्री फोन खणखणला आणि तो तुम्ही उचलला नाही, तर आम्ही येऊन दार वाजवतो. त्यासाठी वॉर्डाच्या नोंदीत तुमच्या नंबरबरोबर आमच्या कार्यालयाचाही नंबर द्या. मुख्य दार रात्रभर उघडता येतं; दोन वाजता बाहेर पडलात तरी कोणी कारण विचारणार नाही.

खोल्या इतक्या साध्या का

फुलदाणी नाही, कुंडी नाही, गालिचा नाही. एका पाहुण्याने आम्हाला चेष्टेत विचारलं होतं, इथेही वॉर्डच आहे का? कारण साधं आहे. केमो किंवा ट्रान्सप्लांट झालेल्या पेशंटच्या पांढऱ्या पेशी खूप खाली जातात, मग कुंडीतली माती आणि फुलदाणीतलं साचलेलं पाणीसुद्धा त्यांना बाधू शकतं. आज ज्या खोलीत तुम्ही एकटे आहात तिथे उद्या असा पेशंट राहायला येऊ शकतो.

हात साबणाने किमान २० सेकंद धुवा. सॅनिटायझर सोयीचा असला तरी उलट्या-जुलाब करणाऱ्या काही विषाणूंवर तो फारसा चालत नाही, तिथे साबण आणि पाणीच लागतं. तुमचं स्वतःचं पोट बिघडलं तर लपवू नका. त्रास पूर्ण थांबल्यावरही ४८ तास पेशंटजवळ आणि सामाईक स्वयंपाकघरात जाऊ नका. तेवढे दिवस तुमचं जेवण आम्ही खोलीपाशी आणून ठेवू. खोली काढून घेऊ या भीतीने लोक सांगत नाहीत, म्हणून स्पष्ट लिहितो: आजारी पडल्याबद्दल आम्ही कोणाला बाहेर काढत नाही.

केमो घेतलेला पेशंट तुमच्यासोबत राहणार असेल, तर औषधाचा अंश साधारण ४८ तास लघवी, शौच आणि उलटीतून बाहेर पडत असतो. संडासाचं झाकण लावून दोनदा फ्लश करा. चादर खराब झाली तर हातमोजे घालून ती वेगळ्या पिशवीत बांधा. दोन्ही वस्तू कपाटात ठेवलेल्या आहेत. आणि ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त दिसला तर सकाळची वाट पाहू नका. रात्र असो, सुट्टी असो, तडक हॉस्पिटलला फोन करा. थर्मामीटर प्रत्येक खोलीत आहे.

बाळ काचेच्या पेटीत असेल तर

कमी दिवसांचं बाळ आत आणि ओली बाळंतीण बाहेर, अशी कुटुंबं आमच्याकडे सर्वांत जास्त दिवस राहतात. आईला दिवसरात्र दर दोन-तीन तासांनी दूध काढावं लागतं, म्हणून तिला हॉस्पिटलच्या सर्वांत जवळच्या बाजूची खोली देतो. दुधासाठी वेगळा फ्रिज आहे, त्यात दुसरं काहीही ठेवायचं नाही. बाटलीवर नाव, तारीख, वेळ लिहा. दूध किती तास चालेल हे तुमच्या वॉर्डातल्या नर्सला विचारा. आजारी आणि कमी वजनाच्या बाळांचे नियम घरच्या बाळापेक्षा कडक असतात.

आम्ही काय करत नाही

आमच्याकडे नर्स नाही. इंजेक्शन देणं, ड्रेसिंग बदलणं, औषध सुचवणं हे आमचं काम नाही आणि शेजारच्या खोलीतल्या अनुभवी माणसाचंही नाही. एकमेकांना धीर द्या, डोस देऊ नका. ऑक्सिजनवरचे पेशंट असतात, त्यामुळे धूम्रपान, निरांजन, उदबत्ती, मेणबत्ती काहीच चालत नाही. प्रार्थनेला कोणाची हरकत नाही, फक्त ज्योत नको.

एक गोष्ट लिहायला जड जाते, पण ती विचारायची वेळ आली की कोणाला विचारवत नाही. पेशंट गेला तर त्या दिवशी खोली सोडायची घाई नाही. नातेवाईक येईपर्यंत थांबा, सामान आवरायला आमचं माणूस मदतीला येईल, हिशोब नंतर पाहू. राहिलेल्या वस्तू आम्ही जपून ठेवतो.

येताना

पेशंटचं हॉस्पिटलचं कार्ड किंवा अॅडमिशनचा कागद आणि तुमचं ओळखपत्र, एवढं पुरे. पेशंट राहणार असेल तर जिना चढता येतो का, व्हीलचेअर लागते का, हे आधी कळवा. रुंद दार आणि बाथरूममध्ये धरायला दांडा असलेल्या खालच्या मजल्यावरच्या खोल्या मोजक्याच आहेत. पांघरूण, टॉवेल, भांडी आमच्याकडे आहेत. लांब वायरचा चार्जर मात्र घेऊन या, तोच सगळे विसरतात.