‘मला ताल कळत नाही’ म्हणणाऱ्यांना खंजिरी द्या

‘मला ताल कळत नाही’ म्हणत भजनापासून चार हात दूर बसणारे प्रत्येक गावात असतात. शाळेत तर एखाद्या पोट्ट्याला ‘याला ताल नाही’ म्हणून समूहगानातून सरळ उठवतात. ताल उपजत असतो किंवा नसतो, ही समजूत चुकीची आहे. 2009 साली हंगेरीत दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ढोलाचा ठेका ऐकवला गेला. पहिला, जोराचा ठोका गाळला की बाळांच्या मेंदूलहरींत फरक दिसे. ठोक्याची वाट पाहणं जन्मापासूनच असतं. शिकायचं असतं ते हात जुळवणं.

हे जुळवणं विलक्षण आहे. समजा, टाळ दर 600 मिलिसेकंदांनी वाजतोय. ठोका ऐकून मग हात हलवला, तर हात दीडशे मिलिसेकंद तरी मागे पडेल. म्हणून मेंदू ऐकत बसत नाही, पुढचा ठोका कधी येणार याचं भाकीत करून हात आधीच सोडतो. नवशिक्याचा हात तर ठोक्याच्या कित्येक मिलिसेकंद आधीच पडतो. चूक झाली की तिचा काही भाग पुढच्याच ठोक्यात भरून निघतो, आणि गंमत म्हणजे ही दुरुस्ती आपल्या नकळत होते. फरक इतका बारीक असला की आपल्याला तो जाणवतही नाही, तरी हात सावरतो. मुळात लयच बदलली, तर मात्र लक्ष देऊन नवी लय धरावी लागते. खंजिरीच्या झांजा इथे मोलाच्या: त्यांचा आवाज एकदम उठतो, त्यामुळे ठोक्याचा क्षण कानाला नेमका सापडतो. गळ्यातला स्वर हळू चढतो, तो क्षण पसरट असतो.

सगळे मिळून वाजवताना ‘लय पळते’, ही बुवांची नेहमीची तक्रार. प्रयोगांतही तेच दिसलं: एकटा माणूस लय धरून राहतो, तोच जोडीने वाजवताना नकळत वेग वाढवतो. त्यात लहानांची उपजत चाल जलद, म्हाताऱ्यांची संथ. म्हणून एका मंडळात सातवीतली पोर आणि सत्तरीचे आबाजी दोघंही हवेत.

अडीच ते साडेचार वर्षांच्या मुलांवरचा एक प्रयोग मला फार आवडतो. यंत्राच्या ढोलापेक्षा समोर बसून वाजवणाऱ्या माणसाशी त्यांचा ताल जास्त चांगला जुळला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (1909–1968) खंजिरी हाती घेऊन मोझरीपासून गावोगाव सामुदायिक प्रार्थना आणि भजनं रुजवली. प्रवेशपरीक्षा नसलेलं हे संगीतशिक्षण आजही विदर्भात देवळाच्या ओट्यावर चालतं. उलट ‘432 हर्ट्झचं (सेकंदाला 432 कंपनांच्या सुराचं) संगीत रोग बरे करतं’ असे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात. त्याला पुरावा नाही. पोरांना तासभर मोझार्ट या पाश्चात्त्य संगीतकाराचं संगीत ऐकवून बुद्धी वाढते, हाही तसाच भ्रम आहे.

मंडळ नव्याने सुरू करणाऱ्यांनी बसण्याची जागा मात्र नीट ठरवावी. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. आठ मीटर रुंद गोलात समोरासमोरच्या दोघांमध्ये 24 मिलिसेकंदांचा फरक पडतो, तो चालतो. ओळी लांबत 34 मीटर गेल्या, तर मागच्यांना ठोका 100 मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो आणि टाळ्या फाटतात. पोंगा (लाउडस्पीकर) लावायचाच असेल तर तो टाळकऱ्यांपासून दूर खांबावर न टांगता त्यांच्याजवळच ठेवावा.