करणारा आणि बघणारा: समाधान कुणाच्या वाट्याला?

सांस्कृतिक कार्यक्रमांत भाग घेणारी माणसं आयुष्यात जास्त समाधानी असतात, असं वाचलं की आपल्या डोळ्यांसमोर स्टेजवरची मंडळी येतात. राज्य नाट्य स्पर्धेची तालीम करणारे, भजनी मंडळातले, झिम्मा-फुगडी घालणाऱ्या बायका. खुर्चीत बसलेल्याला आपण त्यात धरतच नाही. तो काय, नुसता बघ्या!

नॉर्वेतल्या एका मोठ्या आरोग्य-पाहणीत मात्र दोघांनाही धरलं होतं. २००६ ते २००८ या काळात पन्नास हजारांहून जास्त प्रौढांना विचारलं गेलं. गाणं, नाटक, नाच, खेळ, मंडळाचं काम हे 'करण्या'त मोजलं. मैफल, नाटक-सिनेमा, प्रदर्शन आणि चक्क खेळाचे सामने बघणं हे 'बघण्या'त. म्हणजे आपल्याकडे तालमीत जोर मारणारा एका रकान्यात, तर कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्ती बघायला बसलेला दुसऱ्या. दोन्ही रकान्यांचा समाधानाशी संबंध दिसला. पुरुषांच्या बाबतीत तर करण्यापेक्षा बघण्याशी तो जास्त घट्ट निघाला.

मला हे पटतं, कारण दोन्हीकडून मिळणारी गोष्टच वेगळी आहे.

करणाऱ्याला कसब मिळतं. मिरवणुकीआधी हलगीवाले कोपऱ्यात कागद-काटक्या पेटवून हलगी शेकतात, ते जवळ उभं राहून बघा. कातडं तापून ताणलं की बोटानं टिचकी मारायची, कान द्यायचा, आवाज मनासारखा नाही आला तर पुन्हा जाळावर. शेजारचं पोरगं टक लावून बघत असतं. पुढच्या वर्षी ते काम त्याच्याकडं येणार असतं. आपल्यावाचून अडतं, ही जाणीव त्यातूनच येते. पण त्यासोबत जबाबदारी, मानापमान आणि बक्षीस हुकल्याची रुखरुखही येते.

बघणाऱ्याला सोबत मिळते. कोल्हापूरच्या देवल क्लबात गाण्याच्या मैफलीत एखादी जागा सुरेख आली आणि चार अनोळखी माणसांच्या तोंडून एकदमच 'वा' निघाली, की तेवढ्यापुरती ती माणसं एकमेकांची होतात. शाहू महाराजांनी खासबाग मैदान आणि शेजारीच नाट्यगृह उभं केलं, ते हजारो बघणाऱ्यांना धरूनच. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच नाट्यगृहाला, म्हणजे आजच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला, आग लागली, तेव्हा कधीही तोंडाला रंग न लावलेलं कोल्हापूरही हळहळलं.

एक गोष्ट मात्र सांभाळून घ्यायला हवी. अशा पाहणीत दोन गोष्टी एकत्र दिसतात. एकीमुळं दुसरी झाली, हे त्यातून सिद्ध होत नाही. ज्याची तब्येत धड आहे, हातात चार पैसे आणि संध्याकाळ मोकळी आहे, तोच नाटकाला जाऊ शकतो आणि तो आधीपासूनच समाधानी असू शकतो. शिवाय समाधान म्हणजे त्या रात्रीची मजा नव्हे. एकंदर आयुष्याकडं बघून माणूस काय म्हणतो, ते.

तरीही मंडळाच्या मीटिंगमध्ये वर्गणी, स्टेज आणि साउंडइतकाच वेळ आणखी एका विषयाला द्यावा, असं मला मनापासून वाटतं: गुडघे दुखतात म्हणून येणं बंद केलेल्या पेठेतल्या आजी-आजोबांना रिक्षानं आणायचं कुणी, बसवायचं कुठं आणि कार्यक्रम संपल्यावर घरी सोडायचं कुणी.