वातावरणातला कार्बन कुणाच्या खात्यावर? हवामान परिषदांमधल्या जुन्या वादाची पार्श्वभूमी

संयुक्त राष्ट्रांची हवामान परिषद ठरलेल्या दिवशी क्वचितच संपते. शेवटच्या रात्री घोडं अडतं ते बहुतेक वेळा पैशांपाशी. २०२४ मध्ये अझरबैजानमधल्या बाकूला तेच झालं. हवामान बदलाला तोंड देण्यासाठी विकसनशील देशांची मागणी होती वर्षाला १,३०० अब्ज डॉलरची. श्रीमंत देशांनी पुढाकार घेऊन २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज उभे करावेत, एवढ्यावर मिटलं आणि ठराव मंजूर झाल्या झाल्या भारताने त्यावर जाहीर आक्षेप घेतला. बातमीत हा निव्वळ हटवादीपणा वाटतो. मागची तीसेक वर्षं पाहिली तर तसा वाटत नाही.

विज्ञानाचा भाग तसा जुना. १८५६ साली अमेरिकेत युनिस फूट यांनी काचेच्या नळ्यांत निरनिराळे वायू भरून उन्हात ठेवले, तेव्हा कार्बन डायऑक्साइडची नळी सर्वांत जास्त तापली. १८९६ मध्ये स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनिअस यांनी हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल याचं गणित मांडलं. (थंड मुलखातल्या या गृहस्थांना ती ऊब स्वागतार्हच वाटली होती!) १९५८ पासून चार्ल्स कीलिंग यांनी हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर नियमित मोजणी सुरू केली, तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे ३१५ भाग होते. उद्योगयुगाआधी ते २८० च्या आसपास असत, आज ४२० च्या वर आहेत. कारण मुख्यतः कोळसा, तेल, नैसर्गिक वायू जाळणं, त्याखालोखाल जंगलतोड.

वादाचं मूळ या वायूच्या स्वभावात आहे. हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडचा बराच भाग शतकानुशतकं तिथेच राहतो. त्यामुळे यंदा कोणी किती धूर सोडला एवढं पाहून भागत नाही, आजवरची साठलेली बेरीज मोजावी लागते. त्या बेरजेत जीवाश्म इंधनांपुरता अमेरिकेचा वाटा सुमारे एक चतुर्थांश, तर भारताचा तीन-चार टक्के.

पण सुरुवातीला हिशेब असा मांडलाच गेला नाही. १९९० मध्ये वॉशिंग्टनमधल्या एका संशोधन संस्थेच्या अहवालाने हरितगृह वायू (कार्बन डायऑक्साइड, मिथेन असे पृथ्वी तापवणारे वायू) सोडणाऱ्या पहिल्या पाच देशांत भारताला बसवलं. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटचे अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्ये त्याचा खरपूस समाचार घेतला. पोटासाठी लावलेल्या भातातून निघणारा मिथेन आणि चैनीच्या मोटारीचा धूर एकाच तराजूत कसा तोलता, हा त्यांचा सवाल होता. मुळात भाताचा आकडाच फुगलेला निघाला. अमेरिकी पर्यावरण खात्याच्या अंदाजाने भारतातली भातखाचरं वर्षाला सुमारे ३.८ कोटी टन मिथेन सोडत होती. ए. पी. मित्रा यांच्या नेतृत्वाखाली शास्त्रज्ञांनी देशभर प्रत्यक्ष खाचरांत मोजमाप केलं, तेव्हा तो भरला सुमारे ४० लाख टन. त्यानंतर दुसऱ्याने केलेल्या हिशेबावर भारतीय वाटाघाटीकार सहजी विश्वास ठेवत नाहीत, यात नवल ते काय?

१९९२ च्या रिओ परिषदेतल्या कराराने जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही, हे तत्त्व मान्य केलं. १९९७ च्या क्योटो कराराने कपातीचं बंधन फक्त श्रीमंत देशांवर घातलं. अमेरिकी सिनेटने त्याआधीच ९५ विरुद्ध ० मतांनी अशा कराराला विरोध नोंदवला होता, आणि २००१ मध्ये अमेरिका बाहेर पडली. २०१५ च्या पॅरिस करारात मग प्रत्येकाने आपलं उद्दिष्ट आपणच ठरवायचं, अशी सोय झाली. ते चुकलं तर दंड नाही. त्यातूनही अमेरिका एकदा बाहेर पडून परतली, आणि २०२५ मध्ये पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश निघाला.

भारताची बाजूही आता १९९१ इतकी सरळ राहिलेली नाही. वार्षिक उत्सर्जनात आपण जगात तिसरे, दरडोई मात्र जागतिक सरासरीच्या निम्म्याहून कमी. ही सरासरी खरी आहे, पण तिच्या आडोशाला आपल्याकडचे विमानांत आणि वातानुकूलित घरांत वावरणारेही उभे राहतात, हे कबूल करायला आपण फारसे उत्सुक नसतो.

दरम्यान नुकसान सुरू झालं आहे. अरबी समुद्र तापतो आहे, तिथली चक्रीवादळं तीव्र होताहेत. एकट्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाचा दोष तापमानवाढीवर टाकता येणार नाही, पण जून २०२० मध्ये श्रीवर्धन-मुरूडच्या नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, तशा हानीचा खर्च कोणी सोसायचा हा प्रश्न बेटांवरचे छोटे देश १९९१ पासून विचारत आहेत. त्यासाठीचा निधी २०२२ मध्ये इजिप्तमधल्या शर्म अल-शेखच्या परिषदेत मान्य झाला. पुढच्या वर्षी दुबईत त्यात सुमारे ७० कोटी डॉलरची आश्वासनं जमली. ही मदत ऐच्छिक आहे. पॅरिस करारासोबतच्या ठरावात श्रीमंत देशांनी आधीच लिहून घेतलं होतं, की हानीबाबतच्या कलमावरून कोणाला भरपाईचा दावा लावता येणार नाही.