प्रेषक मीच, पण पाठवलं कुणी?

गेली पाच-सहा वर्षं एक अनोळखी बाई माझ्या ईमेल पत्त्यावर संसार थाटून बसली आहे. तिच्या दाढेचं रूट कॅनल दोन खेपांत झालं, व्यायामाची सायकल तिने हौसेने घेतली आणि नऊ दिवसांत परत केली, मुलाच्या पोहण्याच्या वर्गाची फी दर वेळी उशिरा जाते, हे सगळं मला ठाऊक आहे. आमचं नाव-आडनाव एकच असावं. फॉर्म भरताना ती स्वतःचा समजून माझा पत्ता टाकते. पत्ता माझा, आणि तिला त्याचा पत्ताच नाही!

याची मला सवय झाली होती. मग एका सकाळी उठून पाहते तो इनबॉक्समध्ये शंभरावर पत्रं, सगळ्यांचा सूर एकच: ‘तुमचा संदेश पोचू शकला नाही.’ ज्यांची नावंही कधी ऐकली नाहीत अशा माणसांना मी म्हणे रात्रभर कर्ज मिळवून देण्याच्या जाहिराती पाठवत होते.

पहिल्यांदा त्या बाईमुळे घाबरले तेव्हा आणि आता या पत्रांमुळे, दोन्ही वेळा मी एकच गोष्ट केली. पासवर्ड बदलला. दोन्ही वेळा त्याचा उपयोग शून्य, कारण माझ्या खात्याच्या कुलपाला कुणी हातच लावला नव्हता. ‘पत्त्याचा गैरवापर’ असं आपण सरसकट म्हणतो, पण कुणीतरी आपला पत्ता स्वतःचा म्हणून देणं, कुणीतरी तो प्रेषक म्हणून लिहिणं आणि कुणीतरी खरोखर आपल्या खात्यात शिरणं हे वेगवेगळे आजार आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

प्रेषकाचा घोळ समजायला ईमेल कसं जातं ते जरा जवळून पाहावं लागतं. पत्र पाठवणारं यंत्र घेणाऱ्या यंत्राचं दार वाजवतं आणि दोघांत चक्क बोलाचाली होते. ‘हेलो, मी अमुक यंत्र.’ समोरून उत्तर येतं ते आकड्यात, २५०, म्हणजे ठीक. ‘मेल फ्रॉम’, अमक्याकडून. २५०. ‘आरसीपीटी टू’, तमक्यासाठी. २५०. ‘डेटा.’ आता ३५४, म्हणजे सांग, लिहून घेतोय, संपलं की एका ओळीत नुसतं टिंब दे. मग प्रत्यक्ष पत्र येतं. ‘फ्रॉम’, ‘टू’, ‘सब्जेक्ट’ अशा ओळी, एक कोरी ओळ, मजकूर आणि शेवटी एकटं टिंब. पुन्हा २५०. झालं काम.

या संवादात प्रेषक दोनदा आला. एकदा पाकिटावर, ‘मेल फ्रॉम’ म्हणून, आणि दुसऱ्यांदा पाकिटाच्या आत, पत्राच्या डोक्यावर. वाचणाऱ्याला सहसा दिसतो तो आतला. पाकीट यंत्र फाडतं आणि बाजूला टाकतं. हे दोन प्रेषक एकच असले पाहिजेत, अशी अट मूळ नियमांत नाही. आणि ‘अमका’ खरंच अमका आहे का, हे तर या अख्ख्या बोलाचालीत कुणी विचारलेलंच नाही. मला पत्र पाठवायचं तर माझी ईमेल सेवा आधी लॉगिन करायला लावते, हे खरं. पण ठगाला माझ्या सेवेच्या दारातून जायची गरजच नसते. तो स्वतःचं यंत्र उभं करतो आणि ‘फ्रॉम’च्या ओळीत माझा पत्ता लिहितो. त्यासाठी माझा पासवर्ड कशाला हवा?

हे नियम, म्हणजे एसएमटीपी, संगणकशास्त्रज्ञ जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहिले. तेव्हा त्या जाळ्यावर जेमतेम दोन-अडीचशे यंत्रं होती आणि त्यांतली बहुतेक विद्यापीठांत नाहीतर संशोधन संस्थांत. चाळीत कुणी येता-जाता ओळखपत्र तपासत नाही, तसंच ते. इशारा मात्र आधीच मिळालेला होता. १९७८ मध्ये एका संगणक कंपनीच्या विक्री विभागातल्या माणसाने सुमारे ४०० जणांना न मागितलेली जाहिरात पाठवली, तिला पहिलं स्पॅम म्हणतात. त्याने ती निदान स्वतःच्या नावाने तरी पाठवली होती.

पुढे या उघड्या दाराला तीन कड्या बसवल्या गेल्या. एसपीएफ ही पहिली. ‘आमच्या नावाने पत्रं पाठवायचा अधिकार फक्त या यंत्रांना आहे,’ अशी यादी प्रत्येक डोमेनने (पत्त्यातलं @च्या उजवीकडचं नाव) डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या नाव-पत्त्यांच्या सार्वजनिक वहीत, लावून ठेवायची. पण ही कडी पाकिटावरचा प्रेषक तपासते, आतला नाही. दुसरी डीकेआयएम. इथे पाठवणारी सेवा पत्राचा मजकूर आणि महत्त्वाच्या ओळी यांवर गुप्त किल्लीने सही करते. ती ताडून पाहायची उघड किल्ली त्याच वहीत असते. वाटेत एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी सही जुळत नाही. तिसरी डीमार्क, आणि माझ्या मते खरं कोडं सोडवलं ते हिने. पाकिटावरचं किंवा सहीतलं डोमेन आतल्या ‘फ्रॉम’शी जुळतं का, हे ती बघते आणि जुळलं नाही तर काय करायचं तेही सांगते: आत येऊ दे, स्पॅममध्ये टाक किंवा दारातूनच परत पाठव. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या पत्त्यांसाठी ‘दारातूनच परत’ हा कडक पर्याय लावला. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी घाऊक पत्रं पाठवणाऱ्यांना (गूगलच्या हिशेबात दिवसाला सुमारे ५,००० हून जास्त) या तिन्ही कड्या सक्तीच्या केल्या.

एक फट मात्र उरतेच. या कड्या डोमेन तपासतात, माणूस नाही. कुणी भलत्याच पत्त्यावरून पत्र पाठवलं आणि नावाच्या जागी फक्त माझं नाव टाकलं, तर सगळ्या तपासण्या बिनबोभाट पार पडतात. मोबाइलवर तर पुष्कळदा पत्ता दिसतही नाही, नुसतं नाव दिसतं. माझ्या ओळखीच्यांना ‘अडचणीत आहे, पैसे पाठव’ अशी पत्रं जातात ती बहुतेक अशी, माझ्या पत्त्यावरून नव्हे तर माझ्या नावाने.

आता त्या शंभर पत्रांकडे येऊ. ठगाने पाकिटावर माझा पत्ता लिहिला आणि यादीतल्या हजारो पत्त्यांवर जाहिरात सोडली. त्यांतले कित्येक पत्ते बंद पडलेले. चांगलं यंत्र बोलाचालीतच ५५० म्हणून नकार देतं. गबाळं यंत्र आधी पत्र ठेवून घेतं, मग असा माणूसच इथे नाही हे त्याच्या लक्षात येतं आणि ते पाकिटावरच्या प्रेषकाला, म्हणजे मला, तसं कळवतं. (या ‘पोचलं नाही’ पत्राच्या स्वतःच्या पाकिटावर प्रेषकाची जागा मुद्दाम रिकामी ठेवतात. नाहीतर दोन यंत्रं एकमेकांना ‘पोचलं नाही’ असं कळवत बसतील, जन्मभर.)

अशा परत आलेल्या पत्राला बऱ्याचदा मूळ पत्राचं डोकं चिकटवलेलं असतं. मी एक उघडून बघितलं. त्यात ‘रिसीव्ह्ड’ने सुरू होणाऱ्या ओळी असतात. पत्र ज्या ज्या यंत्रातून जातं, ते यंत्र आपली ओळ सगळ्यात वर चिकटवतं. म्हणून वाचायचं खालून वर. तळातल्या ओळी ठग खोट्याही लिहू शकतो, तेव्हा शेवटी पत्र घेणाऱ्या यंत्राने स्वतः लावलेल्या ओळीवरच भरवसा ठेवायचा. त्या ओळीत पत्र देणाऱ्या यंत्राचा जो आकडी पत्ता होता, त्याचा माझ्या ईमेल सेवेशी काडीचा संबंध नव्हता. माझ्या ‘सेंट’मध्ये काही नव्हतं आणि लॉगिनच्या नोंदीत परकं यंत्रही नव्हतं. म्हणजे चोर घरात आलाच नव्हता. रस्त्यावर उभा राहून माझं नाव सांगत होता.

अशा वेळी करण्यासारखं फार थोडं असतं, आणि हे पचवायलाच जड जातं. मी एक फिल्टर लावून ती परतीची पत्रं वेगळ्या फोल्डरमध्ये वळवली आणि वाट पाहिली. चार दिवसांत पूर ओसरला, ठग दुसऱ्या पत्त्याकडे वळला असणार. स्वतःचं डोमेन असेल तर मात्र हातावर हात ठेवून बसू नका. वरच्या तिन्ही कड्या लावणं तुमच्याच हातात असतं.

याच युक्तीचा भीतीदायक अवतार म्हणजे स्वतःच्याच पत्त्यावरून स्वतःला आलेलं धमकीपत्र. ‘प्रेषक बघ, मी तुझ्याच खात्यातून लिहितोय. तुझ्या कॅमेऱ्यातून सगळं पाहिलंय. पैसे टाक.’ २०१८ पासून अशा पत्रांच्या लाटा येतात. कधी त्यात आपला एखादा जुना पासवर्डही लिहिलेला असतो, आणि तिथे भल्याभल्यांचा धीर सुटतो. तो पासवर्ड कधीतरी फुटलेल्या एखाद्या संकेतस्थळाच्या यादीतून आलेला असतो. संगणक-सुरक्षा तज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या सेवेवर आपला पत्ता कोणकोणत्या फुटलेल्या याद्यांत आहे ते बघता येतं. पैसे टाकायचे नाहीत, उत्तर द्यायचं नाही, आणि तो पासवर्ड अजून कुठे वापरात असेल तर तिथला बदलायचा.

चोर खरोखर घरात शिरला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे घाई करायचीच. शिरलेला माणूस हुशार असला तर पासवर्ड बदलत नाही, कारण मग मालक जागा होतो. तो सेटिंगमध्ये जाऊन गुपचूप एक नियम टाकतो: ‘बिल’ किंवा ‘बँक’ हा शब्द असलेलं प्रत्येक पत्र बाहेरच्या एका पत्त्यावर पाठव आणि इथून पुसून टाक. पासवर्ड बदलला तरी तो नियम जागचा हलत नाही. म्हणून पासवर्ड बदलल्यावर सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करायचं आणि मग फॉरवर्डिंग, फिल्टर, खातं परत मिळवण्यासाठी दिलेला फोन नंबर, जोडलेली अ‍ॅप्स हे एकेक उघडून बघायचं. दुहेरी पडताळणी (पासवर्डशिवाय आणखी एक खूण मागणं) नसेल तर त्याच बैठकीत सुरू करायची. बाकी बहुतेक खात्यांचे पासवर्ड ‘विसरलात का?’ म्हटल्यावर याच इनबॉक्समधून बदलता येतात, तेव्हा ही किल्ली गेली तर जुडगाच गेला.

आणि कधी तासाभरात शेकडो अनोळखी ठिकाणांहून ‘आपलं स्वागत आहे’ अशी पत्रं कोसळू लागली, तर ती पुसत बसू नका. आधी बँकेची आणि खरेदीची पत्रं शोधा. असा पाऊस पुष्कळदा एकच पावती बुडवण्यासाठी पाडलेला असतो.

आता आमच्या बाई. ‘माझाच पत्ता, फक्त मध्ये टिंब घालून, दुसऱ्या कुणाकडे आहे,’ असं पुष्कळांना वाटतं. जीमेलवर ते शक्य नाही. जीमेल @च्या आधीची टिंबं मोजतच नाही, टिंब असलेला आणि नसलेला दोन्ही पत्ते एकाच खात्याचे. @च्या डावीकडे काय लिहिलंय याचा अर्थ फक्त पत्र घेणाऱ्या सेवेने लावायचा असतो. म्हणून बाहेरच्या संकेतस्थळांना मात्र हे दोन वेगळे पत्ते दिसतात. २०१८ मध्ये एकाने यातली मेख दाखवून दिली. कुणी टिंबाचा तुमचा पत्ता देऊन सशुल्क सेवेत खातं उघडतं. त्याचं कार्ड बाद होतं. ‘पैसे भरण्याचा तपशील बदला’ असं अगदी खरं पत्र तुम्हाला येतं. तुम्ही सवयीने कार्डाचा नंबर भरता आणि त्याचं बिल तुम्ही भरू लागता.

मुळात दिलेला पत्ता देणाऱ्याचाच आहे का, हे एक पत्र पाठवून आणि दुवा दाबायला लावून तपासता येतं. तरी कितीतरी सेवा ही पायरी पुढे ढकलतात, कारण ग्राहक वाटेतच कंटाळून जाईल अशी त्यांना धास्ती. त्याचा फायदा फक्त वेंधळे घेत नाहीत. २०२२ मध्ये दोन संशोधकांनी ७५ लोकप्रिय सेवा तपासल्या. ठगाने तुमच्या पत्त्यावर तुमच्या आधीच खातं उघडून ठेवायचं, तुम्ही यथावकाश येऊन पासवर्ड बदलून ते ताब्यात घ्यायचं, आणि ठग मात्र जुन्या लॉगिनवर आतच राहणार, असे प्रकार किमान ३५ सेवांमध्ये शक्य निघाले. तेव्हा न उघडलेल्या खात्याचं स्वागतपत्र आलं तर ‘हे मी नाही’ असा दुवा त्यात आहे का बघावं, नसेल तर त्या सेवेला कळवावं.

बाईंच्या खात्यात पासवर्ड बदलून शिरावं आणि पत्ता काढून टाकावा, हा मोह मला अनेकदा झाला. दुवा माझ्याच इनबॉक्समध्ये येतो, दोन मिनिटांचं काम. पण खातं तिचं आहे, आत तिचं कार्ड आणि घरचा पत्ता असू शकतो, आणि परवानगीशिवाय दुसऱ्याच्या खात्यात शिरणं अनेक देशांत गुन्हा आहे. म्हणून यंत्राने पाठवलेली पत्रं मी फिल्टरकडे सोपवते आणि माणसाने लिहिलेल्या पत्राला एका ओळीत उत्तर देते: मी ती नव्हे, पत्ता चुकलाय, नोंद दुरुस्त करा. पोहण्याच्या शिक्षकांनी लगेच आभार मानले. दाताच्या दवाखान्याला गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा कळवलं. उत्तर आलं, ‘आमच्या नोंदीत आपला पत्ता बरोबर आहे. बदलायचा असल्यास कृपया लॉगिन करा.’ खाली पुढच्या तपासणीची तारीख होती.